चर्चचं काम ओपन सोर्सवर न्यायचंय, घोडं कुठे पेंड खातं ते सांगा

मागच्या_बाकावरून:

सगळ्यांना जय ख्रिस्त. आमच्या मंडळीत मीडियाचं काम मी आणि अजून दोन-तीन पोरं बघतो, म्हणजे उपासनेत गाण्यांचे शब्द पडद्यावर टाकणं, वचनं दाखवणं, लाइव्ह करणं आणि मग दुपारी उपदेशाचा ऑडिओ कापून ग्रुपवर टाकणं. आता शब्द दाखवायच्या सॉफ्टवेअरचं वर्षाचं सबस्क्रिप्शन संपत आलंय आणि कमिटीत विषय निघाला की दरवर्षी एवढे पैसे कशाला घालवायचे. एक जण लगेच म्हणाले क्रॅक टाका की, कोण बघतंय. पाळकसाहेबांनी नुसतं चष्म्यावरून बघितलं आणि तो विषय तिथेच संपला 😄

मग मी म्हटलं ओपन सोर्स बघू, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो ते. त्यावर खजिनदारांचं म्हणणं की फुकटचं सॉफ्टवेअर म्हणजे बनवणारा कंटाळला की बंद, मग ऐन नाताळात कुणाच्या दारात उभं राहायचं. मुद्दा अगदीच चुकीचा पण वाटत नाही.

तर विचारायचं असं की शब्द दाखवायला काय घ्यावं, जुनी गाणी त्यात नेता येतात का, सभासदांची यादी सध्या एका एक्सेल फाइलीत आहे आणि ती फाइल एकाच माणसाच्या लॅपटॉपवर, तिचं काय करावं, आणि बायबलचा मजकूर कुठून आणायचा. लाइव्ह आधीपासून ओबीएसवरच करतो त्यामुळे तिथे काही अडचण नाही, ऑडिओ ऑडॅसिटीत कापतो. प्लीज नुसती नावं टाकू नका, वापरलंय त्यांनी सांगा काय अडतं ते.

प्रोजेक्टरवाली:

गंमत म्हणजे तुम्ही निम्मे आधीच ओपन सोर्सवर आहात, ओबीएस आणि ऑडॅसिटी दोन्ही जीपीएल या मोकळ्या लायसन्सखाली आहेत. खजिनदारांना हे सांगून बघा, त्यांचा दर रविवारचा उपदेश त्यातूनच बाहेर पडतोय.

शब्दांसाठी पहिलं ओपनएलपी बघा. २००४ पासून चालू आहे, सुरुवातीला डेल्फीत होतं मग सगळं पायथनमध्ये नव्यानं लिहिलं, विंडोज मॅक लिनक्स तिन्हीवर चालतं. गाणी, बायबल, फोटो, व्हिडिओ, प्रेझेंटेशन सगळं एकाच कार्यक्रमपत्रिकेत लावता येतं आणि ती पत्रिका फाइल म्हणून सेव्ह होते, म्हणजे शनिवारी एकानं घरी लावायची आणि रविवारी दुसऱ्यानं चालवायची असं जमतं. ईझीवर्शिप, प्रोप्रेझेंटर, ओपनसाँग, साँगसिलेक्ट इकडून गाणी आत घेतं पण तिकडची आवृत्ती कुठली त्यावर बरंच अवलंबून असतं म्हणून आधी थोडीशीच गाणी घालून बघा.

आता अडतं कुठे ते. शब्द येतात सगळे, पण कडवं कुठे संपलं आणि ध्रुवपद कुठे सुरू झालं हे कधीकधी हरवतं आणि अख्खं गाणं व्ही१ व्ही२ व्ही३ व्ही४ (व्ही म्हणजे कडवं) असं सरळसोट पडतं. मग बसून ध्रुवपदाला सी१ द्यायचं आणि खाली क्रमाच्या चौकटीत व्ही१ सी१ व्ही२ सी१ असं लिहायचं. कंटाळवाणं काम आहे पण ते टाळलंत तर गाणारे ध्रुवपदावर परत आले की ऑपरेटर यादीत वर-खाली शोधत बसतो आणि तोपर्यंत अर्धी मंडळी गप्प.

दुसरं म्हणजे जुन्या पॉवरपॉइंटमधली गाणी. ती बहुतेक युनिकोडमध्ये (आजच्या सगळीकडे चालणाऱ्या पद्धतीत) नसतातच, कृतिदेव नाहीतर श्रीलिपी असल्या जुन्या फॉन्टमध्ये कुणीतरी टाइप करून ठेवलेली असतात. नव्या सॉफ्टवेअरमध्ये पेस्ट केलीत की नुसता रोमन अक्षरांचा कचरा दिसतो आणि लोक म्हणतात बघा ओपन सोर्सला मराठी येत नाही. त्याला येतं, तुमची फाइलच मराठीत नव्हती! कन्व्हर्टरमधून काढता येतात पण नंतर ऱ्हस्व वेलांटी आणि रफार डोळ्यांनी तपासा, ‘सर्व’ मधला रफार एक घर सरकलेला असतो आणि तो पडद्यावर चार फुटांचा दिसतो.

व्हिडिओ चालत नसतील तर व्हीएलसी टाकलंय का बघा, ओपनएलपी व्हिडिओसाठी त्याच्यावर अवलंबून आहे, आणि ६४ बिटच्या ओपनएलपीला व्हीएलसी पण ६४ बिटचंच लागतं. हे कुणी सांगत नाही आणि दोन तास जातात.

स्टेजवरच्यांसाठी वेगळा मॉनिटर नसेल तरी चालतं, त्याच वायफायवर मोबाइलच्या ब्राउझरमध्ये लॅपटॉपचा आयपी, पुढे पोर्ट ४३१६ आणि स्टेज असं टाकलं की आत्ताचं आणि पुढचं कडवं दिसतं. मोबाइलवरून स्लाइड पुढे पण ढकलता येते. फक्त रिमोटला पासवर्ड लावा आणि पाहुण्यांचं वायफाय वेगळं ठेवा. यूथमधली पोरं हुशार असतात.

फ्रीशो पण आहे, ते नवीन आहे, तेही जीपीएल, दिसायला छान आणि नवीन पोरं पटकन शिकतात. इलेक्ट्रॉनवर बनलंय त्यामुळे म्हाताऱ्या लॅपटॉपवर जड जातं. क्वेलिया म्हणून जावात लिहिलेलं अजून एक आहे. ओपनसाँग तर फार जुनं. पण मी तरी ओपनएलपीपासूनच सुरुवात करा म्हणेन.

संशयी_थोमा:

ताईंनी सगळं व्यवस्थित सांगितलंय, माझा सूर जरा वेगळा लागेल, राग मानू नका.

चर्चमध्ये हे असं होतं: एखाद्या उत्साही मुलानं सगळं ओपन सोर्सवर नेलं, स्वतःच्या लॅपटॉपवर लिनक्स टाकलं, सगळ्या सेटिंग त्याच्याच डोक्यात. मग त्याला दुसऱ्या शहरात नोकरी लागते. मागे राहतात त्या काकू ज्यांना फक्त पॉवरपॉइंट येतं, आणि पुढच्या रविवारी परत पॉवरपॉइंट. यात सॉफ्टवेअरचा काहीच दोष नाही हो, पण सबस्क्रिप्शनमध्ये तुम्ही एक फोन नंबर विकत घेत असता आणि ज्या मंडळीत तांत्रिक माणूस नाही तिथे त्या नंबरला किंमत आहे. खजिनदारांचा प्रश्न ‘बनवणारा कंटाळला तर’ असा आहे, मी म्हणतो बनवणाऱ्याचं सोडा, तुमच्याकडचा चालवणारा कंटाळला तर?

आणि दुसरी गोष्ट जी या विषयात कायम राहून जाते. सॉफ्टवेअर ओपन सोर्स झालं म्हणून त्यात टाकलेली गाणी मोकळी होत नाहीत. लोकांच्या डोक्यात हे दोन्ही एकत्र झालेलं असतं. जुनी स्तोत्रं ठीक, ना. वा. टिळक १९१९ साली गेले, त्यांच्या शब्दांवरचा हक्क केव्हाच संपलाय. पण गेल्या वीस-पंचवीस वर्षांतली वर्शिप साँग्ज जवळजवळ सगळी कुणाच्या तरी मालकीची आहेत, आणि जुन्या स्तोत्राचं नवीन भाषांतर किंवा नवीन चाल असेल तर त्या भाषांतरावर आणि चालीवर वेगळा हक्क असतो. सीसीएलआय (चर्चना गाण्यांचं लायसन्स देणारी संस्था) वगैरेचं लायसन्स त्यासाठीच असतं, स्लाइडच्या तळाशी लेखकाचं नाव आणि लायसन्स नंबर टाकायची जागा ओपनएलपीत पण आहे, ती रिकामी ठेवायला नको. लाइव्ह करत असाल तर प्रक्षेपणाचं लायसन्स वेगळं असतं, सभागृहात दाखवायचं लायसन्स त्याला पुरत नाही. क्रॅकवर चष्म्यावरून बघणाऱ्या पाळकसाहेबांना हे पण एकदा विचारा 🙂

नोंदवहीवाला:

थोमाभाऊंचा चालवणाऱ्याचा मुद्दा पटला. पण ‘बनवणारा कंटाळला तर’ याला चर्चच्याच सॉफ्टवेअरमध्ये चांगलं उत्तर आहे. सभासदांच्या नोंदींसाठी इन्फोसेंट्रल नावाचं एक ओपन सोर्स होतं. ते थंडावलं तर त्याच कोडवरून चर्चइन्फो निघालं. चर्चइन्फोचा वेग मंदावला तर त्यावरून चर्चसीआरएम निघालं, जे आज वापरात आहे. तीन नावं बदलली, माणसं बदलली, काम चालू राहिलं कारण कोड कुणाच्या कपाटात कुलूपबंद नव्हता. बायबल वाचायचं नोमस्वर्ड होतं त्याचं पुढे झिफॉस झालं. बंद सॉफ्टवेअरची कंपनी बुडाली किंवा दुसऱ्या कंपनीनं विकत घेतली तर तुमच्या हातात काय उरतं? लॉगिनचं पान. त्यामुळे खजिनदारांची भीती खरी आहे, फक्त ती चुकीच्या बाजूला लावलीय.

उलटं उदाहरण पण सांगतो म्हणजे मी प्रचारक वाटणार नाही. २००६ च्या सुमारास उबंटू ख्रिश्चन एडिशन म्हणून अख्खी ऑपरेटिंग सिस्टीम निघाली होती, त्यात बायबलचं सॉफ्टवेअर आणि मुलांसाठी डॅन्सगार्डियन ही नको त्या वेबसाइट रोखणारी गाळणी आधीच घातलेली. ती बंद पडली. पण बिघडलं काय, त्यातली प्रत्येक वस्तू साध्या उबंटूवर वेगळी टाकता येतच होती. ख्रिस्ती लिनक्स वेगळं कशाला हवं होतं हे मला तेव्हाही कळलं नव्हतं आणि आजही नाही.

आता तुमच्या एक्सेल फाइलीबद्दल. पर्याय दोन, चर्चसीआरएम आणि जेथ्रो. दोन्ही पीएचपीतली, म्हणजे सर्व्हरवर चालणारी, दोन्हीत कुटुंबं, गट, हजेरी अशा सोयी. चर्चसीआरएममध्ये दशांश-अर्पणाचा हिशेब पण ठेवता येतो. जेथ्रो ऑस्ट्रेलियातलं, त्याचा भर कुणाची भेट घ्यायची राहिलीय, कोणत्या रविवारी कुणाची पाळी, असल्या पाळकीय कामावर जास्त. तुमच्या पाळकांना कदाचित तेच जास्त आवडेल. रॉक आरएमएसचं नाव पण कुणीतरी सुचवेलच, मोठ्या चर्चना ते आवडतं, कोड बघायला मिळतो पण लायसन्स त्यांचं स्वतःचं आहे, जीपीएल-एमआयटीसारखं नाही, तेव्हा ते नीट वाचून मगच घ्या.

पण थांबा. यातलं काही टाकायच्या आधी स्वतःला विचारा की सर्व्हर कोण सांभाळणार. शब्द दाखवायचं सॉफ्टवेअर बिघडलं तर फार तर एक गाणं चुकेल. सभासदांची यादी फुटली तर त्यात पत्ते, फोन, मुलांच्या जन्मतारखा, कोण कोणत्या गटात, कुणी किती अर्पण दिलं, आणि प्रार्थना विनंत्या ठेवत असाल तर कुणाला कॅन्सर आहे आणि कुणाचं लग्न मोडायला आलंय हे सुद्धा बाहेर जाईल. युरोपच्या जीडीपीआर या माहिती-संरक्षणाच्या कायद्यात कलम ९ खाली धर्म ही माहितीच विशेष संवेदनशील धरलीय, धार्मिक संस्थेला स्वतःच्या सभासदांची नोंद ठेवायला सूट आहे पण संमतीशिवाय ती संस्थेबाहेर द्यायची नाही अशी अट आहे. तो कायदा तुम्हाला लागू असो नसो, अट शहाणपणाची आहे. आणि बाहेरच्या कंपनीच्या फुकट फॉर्ममध्ये प्रार्थना विनंत्या गोळा करताना आपण नेमकं तेच मोडत असतो ना?

चर्चसीआरएममध्ये एसक्यूएल इंजेक्शनच्या (बाहेरून डेटाबेसला आज्ञा घुसवता येण्याच्या) त्रुटी बऱ्याच वेळा सापडल्यात आणि दुरुस्त पण झाल्यात, म्हणून एकदा टाकून विसरून जायचं आणि इंटरनेटवर उघडं ठेवायचं असं अजिबात चालणार नाही. अपडेट टाकणारा माणूस नसेल तर ते चर्चच्या आतल्या नेटवर्कवरच ठेवा, बाहेरून दिसूच देऊ नका. तेही जमत नसेल तर खरं सांगू का, लिबरऑफिस कॅल्कमधली पासवर्डची फाइल, दोन जणांकडे प्रत, एवढं पुष्कळ झालं. साठ-सत्तर कुटुंबांना सर्व्हर कशाला?

मागच्या_बाकावरून:

बापरे, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. प्रार्थना विनंत्या आम्ही ऑनलाइन फॉर्ममध्येच घेतो, हे कमिटीत काढणार मी.

बायबलचं राहिलं. आणि आमचे ऑर्गन वाजवणारे काका विचारत होते की स्वरलिपी लिहायला काही आहे का, त्यांच्या हातानं लिहिलेल्या वह्या फाटायला आल्यात.

पेटीमास्तर:

काकांना म्युझस्कोर द्या, माउसनं सूर मांडायचे आणि लगेच वाजवून ऐकायचे, चार दिवसांत हात बसेल. गाणं दोन सूर खाली घ्यायचंय म्हणून अख्खं पान परत लिहावं लागत नाही ही त्यांच्यासाठी सगळ्यात मोठी गोष्ट असेल. छपाई फार देखणी हवी असेल तर लिलीपाँड आहे, त्यात मजकूर टाइप करून स्वरलिपी बनते, काकांच्या पिढीला नको वाटेल पण नातवाला बसवा. ग्रेगोरियन चांटच्या चार रेघांच्या चौकोनी सुरांसाठी तर ग्रेगोरिओ म्हणून वेगळंच आहे, लाटेक या छपाईच्या प्रोग्रॅमबरोबर चालतं. आणि काकांना घरी सराव करायचा असेल तर ग्रँडऑर्ग बघा, खऱ्या पाइप ऑर्गनच्या रेकॉर्डिंगचे संच घालून मिडी कीबोर्डवर वाजवता येतं. ते पण जुन्या मायऑर्गनच्या कोडवरून निघालंय, नोंदवहीवाल्यांच्या यादीत अजून एक भर.

बायबलचं थोडं किचकट आहे. क्रॉसवायर बायबल सोसायटीचा स्वर्ड प्रोजेक्ट, म्हणजे बायबल वाचायच्या सॉफ्टवेअरचा पाया, जीपीएल आहे, त्याच्यावर झिफॉस, बायबलटाइम, अँड्रॉइडवर अँड बायबल अशी बरीच चालतात. पण थोमाभाऊ गाण्यांबद्दल म्हणाले तेच इथे, वाचायचं सॉफ्टवेअर मोकळं आणि आतला अनुवाद मोकळा या वेगळ्या गोष्टी. बऱ्याच आधुनिक अनुवादांचे हक्क राखलेले असतात. किंग जेम्स चारशे वर्षं जुनं, तरी ब्रिटनमध्ये ते छापायचा अधिकार अजून राजसत्तेकडे आहे! पूर्ण मोकळ्यात इंग्रजीत वर्ल्ड इंग्लिश बायबल आहे, आणि बेरियन स्टँडर्ड बायबल त्यांनी ३० एप्रिल २०२३ ला सार्वजनिक करून टाकलं. मराठीत इंडियन रिव्हाइज्ड व्हर्जन क्रिएटिव्ह कॉमन्स बाय-एसए ४.० खाली आहे, श्रेय द्यायचं आणि बदल केलात तर त्याच अटींवर पुढे द्यायचे, पडद्यावर दाखवायला काहीच अडचण नाही. बायबल सोसायटीच्या आवृत्तीची सवय असलेल्या मंडळींना मात्र शब्द वेगळे वाटतील, मोठ्यानं वाचन करायचं असेल तर वाचणारा आणि पडदा एकाच आवृत्तीवर आहेत ना बघा, नाहीतर लोक पुस्तकात बोट ठेवून पडद्याकडे संशयानं बघतात.

जाता जाता एक. हे सगळं आपण घ्यायच्याच बाजूनं बोलतोय पण चर्चच्या बाजूनं दिलं पण गेलंय. ओपन फॉन्ट लायसन्स कुणी बनवलं माहितीये का? एसआयएलनं. १९३४ ला बायबल अनुवादकांना भाषाशास्त्र शिकवायला सुरू झालेली संस्था. ज्या भाषांना लिपीच नव्हती किंवा फॉन्ट नव्हता त्यांच्यासाठी त्यांना फॉन्ट बनवून वाटायचे होते आणि वाटलेला फॉन्ट दुसऱ्यानं दुरुस्त करून पुढे द्यावा असं हवं होतं, त्यासाठी ते लायसन्स. आज नोटो, मुक्ता, बालू हे देवनागरी फॉन्ट त्याच लायसन्सखाली आहेत, म्हणजे चर्चशी काही घेणंदेणं नसलेला माणूस पण रोज ते वापरतो. कीमन हा कीबोर्ड पण २०१५ मध्ये त्यांनीच घेतला आणि पुढे ओपन सोर्स केला. पर्ल ही प्रोग्रॅमिंगची भाषा बनवणारा लॅरी वॉल सुद्धा मुळात बायकोबरोबर भाषाशास्त्र शिकत होता, अलिखित भाषांत बायबल न्यायचं म्हणून. तब्येतीमुळे ते राहिलं आणि आपल्याला पर्ल मिळालं. पर्लचा कोड वाचायची वेळ आलेल्यांनी याला कृपा म्हणायचं की परीक्षा ते स्वतः ठरवावं.

संशयी_थोमा:

हाहा, परीक्षा. ‘सर्व काही सोसते’ वाली.

मास्तरांचं ऐकून माझा विरोध थोडा मऊ झालाय पण अट तीच. मागच्या बाकावरचे दादा, बदल करायचाच असेल तर ऐन सणात नको, साध्या दिवसांत करा, आणि पहिले काही आठवडे जुनं सॉफ्टवेअर दुसऱ्या लॅपटॉपवर तयार ठेवा. दोन ऑपरेटर शिकल्याशिवाय सबस्क्रिप्शन बंद करू नका. त्यातला एक चाळिशीच्या पुढचा असू दे, तो शहर सोडून जात नाही.

आणि वाचलेल्या पैशातून थोडे त्या ओपनएलपीवाल्यांना पाठवा की. कमिटीत ठराव करायला काय जातं. फुकट मिळालं म्हणून फुकटच वापरत बसायचं हे चर्चला तरी शोभत नाही.

मागच्या_बाकावरून:

देणगीचं मी पण मनात धरलंच होतं, खजिनदारांना कसं पटवायचं तेवढंच बघायचंय.

सध्या असं ठरवतोय की शब्दांना ओपनएलपी, नाताळ उरकल्यावर. काकांना म्युझस्कोर लगेच. सभासदांचं सर्व्हर वगैरे नाही, फाइलच पण पासवर्डची आणि पाळकसाहेबांकडे दुसरी प्रत. एक शेवटचं, ओपनएलपीतली सगळी गाणी एकदम दुसऱ्या लॅपटॉपवर न्यायची तर काय करायचं, परत एकेक इंपोर्ट?

प्रोजेक्टरवाली:

नाही हो, सगळी गाणी एकाच एसक्यूलाइट फाइलीत असतात, साँग्ज डॉट एसक्यूलाइट नावाची, डेटा फोल्डरमध्ये साँग्जच्या आत. ती उचलून दुसरीकडे ठेवली की झालं, फक्त कॉपी करताना दोन्हीकडे प्रोग्रॅम बंद असू द्या आणि दोन्हीकडे आवृत्ती एकच ठेवा, नव्या आवृत्तीनं एकदा उघडलेली फाइल जुनीत चालेलच असं नाही. शिवाय मधूनमधून ओपनलिरिक्स या साच्यात एक्सपोर्ट काढून पेनड्राइव्हवर टाकत जा, ती साधी एक्सएमएल असते, उद्या फ्रीशोवर जायचं ठरलं किंवा अजून कशावर, तरी गाणी कुठल्याही एडिटरमध्ये उघडून वाचता येतात. थीम आणि फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये असतात ते विसरू नका, नाहीतर शब्द येतील पण मागे काळा पडदा.